नाटकाला उत्तर देणारी आक्का

कुणी प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट न बघता पुढं निघून जावं, हे आमच्या आक्काला अजिबात खपायचं नाही. प्रश्न तिलाच विचारलेला असावा असंही नव्हतं. देवळात, बाजारात, रस्त्यात, जिथं कुठं तो कानावर पडेल तिथं ती उत्तर देऊन मोकळी व्हायची.

नुसतं सांगून निघून जाणाराही तिला चालायचा नाही. एकदा पेठेत दवंडीवाला आला. डफडं वाजवून म्हणाला, उद्या सकाळी महाराजांची स्वारी ह्या रस्त्यानं जाणार, कुणी गुरं मोकळी सोडू नयेत. आक्का दुकानाच्या गादीवरून उठून रस्त्यात आली.

"थांब की रं. म्हशी गुरांत धरल्यात का?"

"धरल्याच आसत्याल."

"आसत्याल म्हंजे? तुला ठावं न्हाय व्हय?"

"तसं कुणी सांगितलं न्हाय मला."

"मग इचारून ये जा. माझी म्हस दारात हाय."

तो बिचारा खरोखर परत गेला. तासाभरानं आला आणि सगळ्या पेठेनं ती दवंडी म्हशींसकट पुन्हा ऐकली.

दुसरी गोष्ट कीर्तनाची. बुवा रंगात आले होते. राजानं राणीला आणि तान्ह्या लेकराला रानात सोडून दिलं, तो प्रसंग. बुवांनी चिपळ्या थांबवल्या, डोळे मिटले आणि गहिवरून विचारलं, "तेव्हा त्या माउलीनं काय बरं केलं असेल?"

"काय करंल?" बायकांच्या घोळक्यातून आक्का म्हणाली. "दगूड घेऊन मागं लागली आसंल."

बुवांना पुढचं आख्यान सापडेना. आक्काला मात्र आपलं काही चुकलंय असं शेवटपर्यंत वाटलं नाही. "इचारलं म्हनून सांगितलं," एवढंच ती म्हणायची.

शाहूपुरीत तिचं गुळाच्या अडतीचं दुकान होतं. तेव्हा ही पेठ नवी होती. रुंद रस्ते, मध्येच मोकळे प्लॉट, आणि गुळाच्या दिवसांत सगळ्या हवेला कढलेल्या रसासारखा गोड वास. नवरा गेल्यावर दीर-भावांनी दुकान विकायचं ठरवलं होतं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ही पदर खोचून गादीवर जाऊन बसली ती उठलीच नाही. ढेपेवर बोट टेकवून, नुसता वास घेऊन ती गूळ कुठल्या भागातला ते सांगायची. पायात नवऱ्याच्या वहाणा असायच्या, टाचेमागं दोन बोटं उरणाऱ्या. चालताना त्यांचा फटक् फटक् आवाज यायचा, म्हणून हमाल तिला लांबूनच ओळखायचे आणि बिड्या विझवायचे. कुणी वहाणांबद्दल बोललंच तर म्हणायची, "चांगल्या हायत, टाकू व्हय?"

दुकानावरची खोली माझ्या थोरल्या भावानं भाड्यानं घेतली होती. दादा शाळामास्तर. आमचं गाव कागलजवळचं. प्लेगात आठ दिवसांच्या अंतरानं आई आणि आबा गेले, आणि दादा मला कोल्हापूरला घेऊन आला. मी तेव्हा पंधराचा होतो.

शाळेत पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी विचारलं, धडा वाचलास का? मी उभा राहून म्हणालो, "न्हाय, गुर्जी."

वर्ग हसला. गुरुजींनी सगळ्यांना गप्प केलं आणि स्वतःच माझी नक्कल केली. "न्हाय? न्हाय म्हणजे काय रे? न्हायला बसलास का?" वर्ग पुन्हा हसला. या खेपेला कुणी गप्प केलं नाही.

त्यानंतर मी खोलीत एकटाच 'नाही, नाही' म्हणून बघायचो. शब्द तोंडात यायचा, पण दुसऱ्याचा सदरा अंगात घातल्यासारखा. मग मी ठरवलं, नकोच. मान हलवून भागत होतं. शाळेत मान हलवायची, दुकानात बोट दाखवायचं. दादा पहाटे उठून शिकवण्यांना जायचा, तिथून शाळेला, संध्याकाळी पुन्हा शिकवण्या. रात्री भाकरी खाता खाता त्याचे डोळे मिटायचे. त्याचा दोष नव्हता. आमच्या दोघांच्या पोटासाठीच तो पळत होता. पण आम्हा दोघांत आठवड्याला दहा शब्दसुद्धा होत नव्हते. कोपऱ्यावरचा वाणी मला मुकाच समजायचा. मला ते सोयीचं वाटलं, म्हणून मीही त्याला तसंच समजू दिलं.

त्या दिवसांत मी संध्याकाळी रंकाळ्यावर जायचो. मला पोहता येत नव्हतं आणि मी पाण्याच्या फार जवळ बसायचो. याहून जास्त मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आक्कानं माझ्या गप्प बसण्यावर आपला उपाय काढला होता. ती मला प्रश्न विचारायची आणि माझं उत्तरही स्वतःच द्यायची.

"जेवलास का? न्हाय जेवलो. का न्हाय? भूक न्हाय. भूक न्हाय कशी, ह्या वयात भूक न्हाय म्हंजे काय?" असं बोलत ती माझ्यापुढं ताट आणून ठेवायची. कधी कधी माझ्या वतीनं दिलेलं उत्तर तिला आवडायचं नाही. मग ती माझ्यावर खवळायची. "असं बोलायचं व्हय थोरल्या मान्सास्नी?" मी तोंडही उघडलेलं नसायचं. हमाल हसून हसून पोत्यांवर बसायचे. मला हसू यायचं नाही. पण जिन्यावर तिच्या वहाणांचा आवाज आला की मी पुस्तक मिटून ठेवायचो, हे खरं.

आक्काला नाटकाचं वेड होतं. महाराजांनी नवं नाटकघर बांधलं होतं, त्याच्या वरच्या सज्ज्यात बायकांची जागा होती. तिथं पहिल्या रांगेत, कठड्याला छाती टेकून ती बसायची. पण मागच्या एका नाटकात तिनं घोटाळा करून ठेवला होता. खलनायकानं पेल्यात विष कालवलं, नायकानं पेला उचलला, आणि वरून आक्का ओरडली, "पिऊ नगंस!" नायक नवखा होता. त्यानं पेला खाली ठेवला. मग ते विष त्याच्या पोटात घालायला कंपनीला फार यातायात करावी लागली. तेव्हापासून कुठलीही कंपनी आली की दारावरचे चाचा आक्काला अडवायचे.

एका रविवारी दुपारचा खेळ होता. छोटी कंपनी, नवंकोरं संगीत नाटक. आक्का वर येऊन म्हणाली, "नाटकाला येतोस का? येतो. बरं, मग टोपी घाल." बाईमाणसानं एकटं जाऊ नये, असं कारण तिनं दिलं. ही बाई बेळगावच्या बाजाराला एकटी जाऊन यायची.

दारात चाचांनी हात जोडले. "आक्का, आज त्वांड उघडायचं न्हाय बगा. मालक माझ्या नावानं वरडत्यात."

"न्हाय उघडत," आक्का म्हणाली, आणि कनवटीचा सुपारीएवढा गुळाचा खडा काढून तिनं गालात धरला. "ह्यो हाय तवर काय बोलत न्हाय." ती वर गेली. मी खाली चटईवर बसलो.

पडदा वर गेला तेव्हा मी राजवाडा दिसेल या अपेक्षेत होतो. दिसली एका वकिलाच्या घरातली बैठकीची खोली. राजा नाही, देव नाही. एक पंधरा-सोळा वर्षांचा आईबापावेगळा मुलगा काकाच्या घरी राहतोय, एवढीच गोष्ट. काका वाईट नव्हता, काकूही छळणारी नव्हती. त्यांना फक्त वेळ नव्हता. पहिल्याच प्रवेशात तो मुलगा कोपऱ्यात दिव्याच्या काचा पुसत बसलेला असतो आणि सगळं घर त्याच्यासमोरून बोलत, हसत, भांडत ये-जा करतं. त्याच्याकडं कुणी बघतसुद्धा नाही. लोकांना वाटलं, गोष्ट अजून सुरू व्हायचीय. मला मात्र वाटलं, माझी हकिगत ह्यांना कुणी सांगितली?

त्या मुलाचं काम करणारा पोरगा माझ्याच वयाचा होता. गेल्या सालापर्यंत तो नायिका व्हायचा. मग त्याचा आवाज फुटला आणि त्याच्या साड्या दुसऱ्या पोराला गेल्या. त्याला ठेवून घ्यायचं तर काय काम द्यायचं, या विचारातून हे नाटक लिहिलं गेलं होतं. हे मला मागाहून कळलं. त्याची पदं खालच्या पट्टीत बांधली होती. आवाज मध्येच चिरकायचा. तो तसाच पुढं जायचा आणि पायपेटीवाला त्याला सावरून घ्यायचा. एका पदाचं ध्रुवपद अजून माझ्या ध्यानात आहे: भरल्या घरी मी पाहुणा, कुणी न म्हणे बैस.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी घरात मेजवानी असते. आतून हसण्याचे आवाज येतात. मुलगा बाहेरच्या खोलीत एकटा. पद संपतं, तो प्रेक्षकांकडं वळतो आणि शुद्ध, कोरीव भाषेत म्हणतो, "एवढ्या मोठ्या जगात मला एकानेही विचारू नये ना, की बाळ, तू जेवलास का?"

आक्काचा गूळ बहुतेक त्याच वेळी संपला.

"मी इचारते की!" वरून आवाज आला. "जेवलास का रं, लेकरा?"

सगळं नाटकघर हसलं. माझ्या शेजारचा माणूस मांडीवर थाप मारून म्हणाला, "आली बगा आक्का!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मान खाली घातली.

पण त्या पोरानं मान वर केली. खरं तर त्याला उसासा टाकून पाठ फिरवायची होती. तो सज्ज्याकडं बघत राहिला. रंगवलेल्या चेहऱ्यावर त्याचा ओठ हलायला लागला. आणि मग तो म्हणाला, "न्हाय, आक्का. सकाळधरनं न्हाय."

हसू जागच्या जागी थांबलं.

मी त्याला ऐकलं. माझा शब्द त्यानं उच्चारला होता, ज्याच्यापायी मी आठ महिने गप्प बसलो होतो तोच. झालर लावलेल्या त्या रंगमंचावर, एवढ्या लोकांपुढं. आणि कुणीही हसलं नाही. शेजारच्या माणसानं उपरण्याचं टोक डोळ्याला लावलं. मी गुडघ्यात तोंड खुपसून रडलो. आई गेली तेव्हा मी असा रडलो नव्हतो. पायपेटीवाल्यानं पुन्हा तेच पद धरलं, पोरानं ते पूर्ण केलं आणि पडदा पडला.

तिसरा अंक मला धड आठवत नाही. खेळ संपल्यावर आक्का बाहेर माझी वाट बघत उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. तसा मी तो कधी पाहिला नव्हता.

"माझ्यापायी त्या पोराला हाणत्याल रं," ती म्हणाली. "चल मागं."

मागच्या दारी खरोखरच तमाशा चालला होता. तो पोरगा अर्धा रंग पुसलेला, खाली मान घालून उभा. कोट घातलेले कंपनीचे मालक त्याच्यावर ओरडत होते. जरा पलीकडं पत्र्याच्या ट्रंकेवर एक किरकोळ गृहस्थ कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. ते नाटक लिहिणारे, हे नंतर कळलं.

"वकिलाच्या घरातलं पात्र! अन् न्हाय म्हणतं!" मालक कडाडले. "वर्षभर तुझी जीभ घासतोय मी. उद्याच्या उद्या तुझं बोचकं उचल आणि तुझ्या गावाला, उचगावला, चालू लाग."

मग त्यांनी आक्काला पाहिलं. "आणि बाई, तुम्ही! तुम्ही माझं नाटक बुडवलंत. का बुडवलंत, सांगा!"

हा तर सरळ आक्कालाच विचारलेला प्रश्न होता. मी उत्तराची वाट बघत होतो. आक्कानं तोंड उघडलं. काही बाहेर आलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती उभी राहिली. आयुष्यभर सगळ्यांना उत्तरं देणाऱ्या त्या बाईला त्या वेळी एक शब्द सापडत नव्हता, कारण आपलं चुकलं हे तिला पटलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "पावणं, नाटकातनं तेवढा शब्द काढू नगासा."

सगळे माझ्याकडं वळले, तेव्हा मला कळलं की ते मीच बोललो होतो.

"तू कोण?" मालकांनी विचारलं.

"मी त्योच हाय," मी म्हणालो. मग ते कुणाला कळणार नाही असं वाटून घाईघाईनं पुढं बोलत गेलो. "नाटकातला. म्हंजे माझं बी तसंच हाय. शाळंत मला न्हाय म्हटल्यावर हसत्यात, म्हनून मी बोलतच न्हाय. ही आक्का मला रोज इचारती जेवलास का म्हनून. मीच कधी उत्तर दिलं न्हाय. आज ह्यानं दिलं. बाकीचं नाटक लई चांगलं हाय, पर मला खरं वाटलं ते ह्यानं न्हाय म्हटल्यावर. त्येला हाकलू नगासा."

आवाज माझा मलाच ओळखीचा वाटेना.

ट्रंकेवरचे गृहस्थ उठले. हातातला कागद त्यांनी मालकांपुढं धरला. त्यावर ते वाक्य त्यांनी आधीच लिहून घेतलं होतं.

"राहू द्या हे," ते म्हणाले. "मलाच सुचायला हवं होतं."

"आणि दर गावी प्रश्न कोण विचारणार? ह्या बाईंना बरोबर घेऊन हिंडू?"

"विचारील कुणीतरी. नाहीच विचारलं तर पोरगं पाठ फिरवील, पहिल्यासारखं."

मालकांनी घड्याळ काढून बघितलं. बघायचं काही नव्हतं, पण राग उतरवायला त्यांना तेवढा वेळ हवा होता. "बरं," ते म्हणाले. आणि पोराला, "जा, तोंड धू."

पोरगा मटकन खालीच बसला. आक्काचा श्वास इतक्या जोरात सुटला की मला तो ऐकू आला. तेवढ्यात तिची वाचाही परत आली. "धुईल की घरला येऊन," ती मालकांना म्हणाली. "सकाळधरनं जेवला न्हाय त्यो. मी घेऊन जाते. दिवेलागणीनंतर आणून सोडते." परवानगी वगैरे तिनं विचारली नाही.

पुढच्या रविवारी कंपनीनं आक्काला मानाचं आमंत्रण धाडलं. ती गेली, पहिल्या रांगेत बसली, आणि तो क्षण आला तेव्हा ढिम्म गप्प. "सांगून इचारायचं व्हय?" हे तिचं नंतरचं म्हणणं. पण तिच्या मागून चार बायकांनी एकदम विचारलं. तो पोरगा पुढं मोठा नट झाला. वयानं उतरल्यावर एकदा भेटला तेव्हा सांगत होता, ते नाटक गावोगाव झालं आणि दर ठिकाणी वरून कुणीतरी विचारलंच. एका शहरात तेवढे लोक आधी एकमेकांकडं बघत बसले, विचारावं की नाही म्हणून. शहराचं नाव त्यानं सांगितलं, पण मी ते लिहीत नाही.

त्या पहिल्या रविवारी, खेळ सुटल्यावर, आम्ही तिघं चालत शाहूपुरीला निघालो. आक्का पुढं, फटक् फटक्. मागं आम्ही दोघं. तो उचगावच्या विहिरीचं सांगत होता, मी आमच्या ओढ्याचं. त्याचं संपायच्या आत माझं सुरू, माझं संपायच्या आत त्याचं. आठ महिन्यांचं साठलेलं सगळं मी त्या एका रस्त्यात बोलून टाकत होतो. कुणाच्या झाडाचे आंबे चोरले, आबा बैलांशी कसे बोलायचे, आई रागावली की कशी गप्प बसायची.

दुकानाच्या दारात दादा उभा होता. घरी आला तर मी नव्हतो, म्हणून धावत रंकाळ्यापर्यंत जाऊन आला होता. घामानं भिजला होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. माझं तिथं जाणं त्याला माहीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तो अंधूक उजेडात आमच्याकडं बघत म्हणाला, "आक्का, माझा भाऊ कुठाय? आन् हे कोण बोलतंय तुमच्यासंगं?"

"तुझा भाऊच बोलतोय की," आक्का म्हणाली. "आवाज फुटलाय त्येचा. तुला ठावं न्हाय व्हय?"

दादाला ते ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. न बोलता बोलता, त्या आठ महिन्यांत कधीतरी, माझा आवाज बदलून गेला होता. दादा माझ्याजवळ आला, माझे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाला, "बोल."

"काय बोलू?"

"काय बी बोल."

मग मी त्याला नाटक पहिल्यापासून सांगायला घेतलं. वकिलाचं घर, दिव्याच्या काचा, कोपऱ्यात बसलेला पोरगा. दर वाक्याला आक्का मध्ये पडत होती. तसं न्हाय, काका आधी आला, काकी मागनं. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी मी वळून म्हणालो, "आक्का, मला सांगू दे की."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता खवळणार. तिनं वहाणा काढल्या, उंबऱ्यावर बसली, पदरानं तोंड पुसलं.

"सांग बाबा," ती म्हणाली. "सांग."